निळ्या-केशरी खेळण्यातून अंतराळातलं पिस्तूल

माझी पहिली बंदूक वितळली. खेळण्याच्या अंगावर उठवलेलं कंपनीचं नाव पुसून निघेल अशा भाबड्या समजुतीने मी गाडीच्या रंगात घालतात तो एनसी थिनर फडक्यावर घेतला आणि घासत बसलो. दोन मिनिटांत प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं चिकट झालं, फडक्याचे धागे त्यात रुतले आणि नाव मात्र जिथल्या तिथे. ही खेळणी बहुतेक एबीएस प्लास्टिकची असतात आणि हा थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन त्या प्लास्टिकलाच विरघळवतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक खेळणं वाचलं असतं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

करायचंय ते असं. फोमच्या गोळ्या मारणारी, दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात टांगलेली निळी-केशरी बंदूक घ्यायची आणि तिची परग्रहावर दहा वर्षं वापरलेली वाटेल अशी वस्तू करायची. कॉस्प्लेसाठी (म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या पात्राचा वेश करून मिरवायला), शॉर्टफिल्मसाठी किंवा नुसती कपाटात मांडायला. नाटकवाले अशा वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, पण नाटकाचा प्रेक्षक वीस फुटांवर बसलेला असतो. कॉस्प्लेत लोक दोन फुटांवर येऊन मोबाइल पुढे करतात, त्यामुळे इथे जरा जास्त घासावं लागतं. शनिवार-रविवार धरून तीन आठवडे ठेवा. ज्यांनी घरी गणपतीचं मखर किंवा दिवाळीचा किल्ला केलाय त्यांना यातलं निम्मं काम येतंच.

खेळणं कोणतं घ्यायचं

झेरॉक्ससारखंच ‘नर्फ’ हे नाव आता या सगळ्या जातीला पडलंय. मूळ ब्रँड १९६९ साली फोमच्या चेंडूपासून सुरू झाला, बंदुका बऱ्याच नंतर आल्या. त्यांची ‘स्ट्राँगआर्म’, म्हणजे सहा गोळ्यांचं चक्र बाजूला उघडणारी, एका हातात मावणारी, ही शिकायला उत्तम. चक्र फिरतं, घोडा कटकन वाजतो, आकारात आधीच थोडी गंमत आहे. तिच्या नकलाही भरपूर मिळतात. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारलीत तर निम्म्याहून कमी पैशांत काम होईल. नकलेचं प्लास्टिक पातळ असतं, पण पहिला हात साफ करायला तेच बरं, बिघडलं तर जीव तुटत नाही.

दुकानात एक गोष्ट मात्र बघाच. बंदुकीची एक बाजू पालथी करून स्क्रू मोजा. स्वस्तातल्या काही बंदुकांचे दोन भाग स्क्रूऐवजी चिकटवलेले असतात. त्या उघडताना तडकतात. सात-आठ स्क्रू दिसले की घ्या. आणि पहिल्याच खेपेला हातभर लांब रायफल घेऊ नका. घासायचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि चौथ्या दिवशी ती माळ्यावर जाते. माझी एक अजून तिथेच आहे.

हत्यार हातात घेण्याआधी

आता जे सांगतोय ते रंगापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या आजीचं शिवणयंत्र आमच्या घरी अजून आहे. काळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. ते नीट बघितलं तर कळतं की सुईच्या डाव्या अंगाला, जिथून चाळीस वर्षं कापड सरकत गेलं, तिथे रंग उडून खालचं लोखंड चांदीसारखं चमकतंय. त्या पट्ट्याच्या कडेला काळा रंग अगदी पातळ होत गेलाय, मध्ये एक तपकिरी धूसर रेघ आहे. चाकाच्या कडेवर, जिथे आजी तळहाताने चाक थांबवायची, तिथेही तसंच. पण यंत्राच्या पाठीमागे, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथली वेलबुट्टी काल काढल्यासारखी शाबूत आहे. तिथे फक्त तेल आणि धुळीचा थर. एसटीतला उभा दांडा, सायकलचा ब्रेक, शिंप्याची कात्री, काहीही बघा, हाच हिशेब निघेल. झीज हात लागतो तिथे होते, वस्तू आपटते त्या कोपऱ्यांवर होते आणि मळ हात पोचत नाही त्या खाचांत साचतो.

नवशिक्यांच्या बहुतेक बंदुका फसतात त्या इथेच. हौसेने सगळीकडे सारखा चंदेरी रंग फासला जातो आणि वस्तू जुनी दिसण्याऐवजी भुरी पडल्यासारखी दिसते. म्हणून एक कागद घ्या, बंदुकीची बाह्यरेषा काढा आणि स्वतःला विचारा: ही वापरणारा उजव्या हाताचा आहे का? कमरेला कातडी म्यानात ठेवतो की पाठीवर टांगतो? तापतो तो भाग कोणता? म्यानात जात असेल तर नळीच्या दोन्ही बाजू झिजलेल्या हव्यात. चक्र अंगठ्याने उघडत असेल तर अंगठ्याची जागा चकचकीत. कागदावर पेन्सिलीने या जागा रंगवून ठेवा. पुढे ब्रश हातात आल्यावर उत्साह आवरत नाही, तेव्हा हा कागद कामाला येतो.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये जी हत्यारं इतकी पटली त्याचं कारणही हेच. तिथे उलटा प्रवास होता. हान सोलोचं पिस्तूल म्हणजे १८९६ च्या जर्मन माउझर पिस्तुलावर दुर्बीण आणि चार भाग चढवलेले. पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांच्या हातात होती ती ब्रिटिश स्टर्लिंग सबमशिनगन. ल्यूकच्या प्रकाशतलवारीची मूठ ही ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशची दांडी. या वस्तू आधीच खऱ्या होत्या. धातूचं वजन, खऱ्या हातांचे ओरखडे, खऱ्या कारखान्यातल्या खाचा त्यांना होत्या. आपल्याकडे यातलं काहीच नाही, आहे ते हलकं प्लास्टिक. तेव्हा हे सगळं आपल्याला बाहेरून आणायचंय.

उघडणं

आधी चारी बाजूंनी फोटो. मग एक पुठ्ठा घेऊन त्यावर बंदुकीचा आकार आखा आणि जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला एक-दोन वेगळे असू शकतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की तो प्लास्टिक फोडून दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. स्टार स्क्रूड्रायव्हर नेमक्या मापाचा घ्या. डोकं एकदा गुळगुळीत झालं की तो स्क्रू जन्माचा अडकला.

वरचं झाकण उचलताना बंदूक ताटात किंवा मोठ्या परातीत ठेवा. आत हवा ढकलणाऱ्या दट्ट्याची मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि घोड्याला एक बारीक स्प्रिंग असते. ही बारीक स्प्रिंग उडते. माझी कपाटाखाली गेली आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत मिळाली. झाकण उघडल्या उघडल्या, कशालाही हात न लावता, आतला फोटो काढा.

आता ठरवायचं की बंदूक गोळी मारणारी ठेवायची की नाही. माझं मत: पहिल्या कामात दट्ट्या, त्याची मोठी स्प्रिंग आणि हवेची नळी काढून टाका. आत जागा मोकळी होते, तिथे दिवा आणि वजन बसतं. घोडा आणि त्याची बारीक स्प्रिंग मात्र ठेवा, बोटाखालचा तो ‘कट’ आवाज गेला तर वस्तू मेल्यासारखी वाटते. स्प्रिंग जोरदार करून गोळी लांब मारण्याचे प्रयोग वेगळे, त्याचा आपल्या कामाशी संबंध नाही आणि आपण ते करत नाही.

घासणं आणि भरणं

सगळे बाहेरचे भाग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावं म्हणून वापरलेला तेलकट अंश आणि हाताचं तेल दोन्ही निघायला हवं, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

मग उठावदार अक्षरं, लोगो, वयोमर्यादेची सूचना हे सगळं उडवायचं. आधी चपटी कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, शेवटी ४०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. पाण्यात घासलं की धूळ उडत नाही, तिचा चिखल होतो, फुप्फुसं वाचतात. पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून घासा. नुसत्या बोटाने घासलंत तर बोटाच्या दाबाचे खड्डे पडतात आणि रंग लावल्यावर ते अगदी ठळक दिसतात. दोन भाग जिथे जुळतात ती शिवण आणि साच्याची बारीक रेघ, हेही घालवायचं. खेळणं ओळखू येतं ते या रेघेमुळेच.

स्क्रूची भोकं आणि नको असलेल्या खाचा एम-सीलने भरा. दोन्ही गोळे सारखा रंग येईपर्यंत मळा, भोकात दाबा, ओल्या बोटाने सपाट करा. बोट ओलं नसेल तर ते बोटालाच चिकटतं. सगळ्याच भोकांत भरू नका, दोन-तीन स्क्रू मोकळे ठेवा. उद्या बॅटरी बदलायला उघडावं लागेल. आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी दिसणारा स्क्रू हा यंत्राचा दागिनाच असतो. बारीक ओरखड्यांवर गाडीच्या गॅरेजमध्ये वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, पातळ ओढा, वाळल्यावर पुन्हा ४००.

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. रेडिओ लावून बसा.

अंगावर चढवायचे भाग

इथे मजा आहे आणि इथेच लोक वाहवतात. घरातल्या अडगळीत जे मिळतं ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, गोळ्यांचं रिकामं पाकीट, रंग संपलेल्या स्केचपेनची टोपणं, भिंतीत ठोकतात ते प्लास्टिकचे रावल प्लग, पाण्याच्या फिल्टरच्या नळीचे कोपरे, बिघडलेल्या कॉम्प्युटरमधली उष्णता बाहेर टाकणारी अ‍ॅल्युमिनियमची पंखेदार हीटसिंक, जुना स्पार्क प्लग. वीस मिलिमीटरचा वायरिंगचा पाइप आणि त्याचे कपलर यांची तर सुरेख दुर्बीण होते. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फेरी मारा, मुंबईत चोर बाजार आहेच. मी एका जुन्या कॅमेऱ्याचं लेन्सचं कडं वीस रुपयांना आणलं आणि ते आजवर तीन बंदुकांवरून फिरलंय.

नियम एकच पाळा. लावलेल्या प्रत्येक भागाला काहीतरी काम असल्यासारखं वाटलं पाहिजे. नळी लावली तर तिची दोन्ही टोकं कुठेतरी गेली पाहिजेत. एक टोक हवेत लटकत असेल तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण चुकलंय हे कळेल. हीटसिंक लावली तर ती जिथे तापेल तिथे, म्हणजे नळीजवळ. दुर्बीण डोळ्याच्या रेषेत. आणि मोठी सपाट जागा एखादी मोकळी सोडा, डोळ्याला विसावा लागतो. चार भाग पुरतात. आठ लावले की लग्नातली वरात दिसते.

चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करा. फेविक्विक पटकन धरतं पण धक्क्याने सुटतं. ओझं पेलायचं तिथे अ‍ॅराल्डाइट लावून रात्रभर रबरबँड बांधून ठेवा, आणि दुर्बिणीसारखा भाग असेल तर आतून एक छोटा स्क्रूही द्या. लोक ती धरून बंदूक उचलतात, हमखास.

मुठीच्या पोकळीत लोखंडी वायसर आणि नट अ‍ॅराल्डाइटमध्ये बसवा, दीडशे-दोनशे ग्रॅम. फोटोत हे दिसत नाही, पण हातात जड वस्तू असली की माणसाचं मनगट आपोआप वेगळं वागतं, आणि ते फोटोत दिसतं.

रंग

स्प्रेचे डबे गाडीच्या रंगांच्या दुकानात मिळतात. प्लास्टिकवर चालणारा करडा प्रायमर, एक चंदेरी, एक गडद करडा किंवा गनमेटल, एक मॅट क्लिअर, म्हणजे शेवटी मारायचा बिनचमकीचा पारदर्शक थर. चारही शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर दुसऱ्या जातीचा स्प्रे पडला की दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात.

डबा दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, वस्तूच्या बाहेर सुरुवात करून वस्तूच्या बाहेरच संपवायचा, असे पातळ फटके. पहिल्या थरात खालचं निळं दिसलं पाहिजे, एकाच थरात झाकायला गेलात की ओघळ. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. प्रायमर वाळल्यावर तो एक अप्रिय काम करतो, घासताना राहिलेली प्रत्येक चूक दाखवतो. मुकाट्याने लांबी काढा आणि मागे जा.

पावसाळ्यात रंगवू नका. मी जुलैत रंगवलं होतं. हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसतो आणि काळ्यावर पांढुरका धूर आल्यासारखा डाग राहतो. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा हलका थर मारून तो बऱ्याचदा जातो, पण मुळात नोव्हेंबरपर्यंत थांबलेलं चांगलं.

काम उघड्यावर करा. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क रंगाच्या वाफा अडवत नाही, त्याला कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. गच्चीवर जाणार असाल तर आधी आजूबाजूला नजर टाका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या आणि वारा माझ्याकडून त्यांच्याकडे होता. पुढची दहा मिनिटं मी ऐकून घेतलं. त्या वर्षी आमच्या घरी पापड्या आल्या नाहीत.

आता क्रम. प्रायमरवर आधी पूर्ण चंदेरी रंग मारा आणि चोवीस तास वाळू द्या. मग तो झिजेचा कागद काढा. ज्या कडा, जे कोपरे, जी अंगठ्याची जागा तुम्ही ठरवली होती, तिथे जुन्या ब्रशने पेट्रोलियम जेलीचे वेडेवाकडे, अगदी पातळ ठिपके द्या. त्यावरून गडद करडा मारा. वाळला की जाड कापडाने पुसा. जेली होती तिथला रंग सोलून येतो आणि खालून चंदेरी डोकावतं, रंग उडालेल्या धातूसारखंच, कारण तो खरोखरच उडालेला असतो. जेलीचा अंश साबणाच्या पाण्याने काढून टाका, पुढचा थर त्यावर धरत नाही.

एकदम काळा रंग टाळा. घरातला तवा उजेडात धरून बघा, तो काळा नाही; करडा, तपकिरी, कुठे निळसर आहे. आणि सगळी वस्तू एकाच धातूची ठेवू नका. मुठीला सीटकव्हरवाल्याकडचा रेग्झिनचा तुकडा गुंडाळा, किंवा लाकूड हवं असेल तर आधी पिवळसर माती रंग देऊन त्यावर गडद तपकिरी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने ओढा, रेषा आपोआप पडतात.

नळीचं केशरी टोक मात्र प्रायमर मारण्याआधीच मास्किंग टेपने झाकून तसंच ठेवा. का, ते शेवटी येतंय.

मळ, झीज आणि अक्षरं

इथवर वस्तू नुसती रंगवलेली असते. आता तिला वय द्यायचं.

पहिलं, मळ. शाळेतले अ‍ॅक्रिलिक रंग चालतात. काळा आणि गडद तपकिरी मिसळून भरपूर पाण्यात पातळ करा, चहाच्या फिक्या पाण्याइतकं नाही, बिनदुधाच्या कडक चहाइतकं. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते गोळा न होता खाचेत पळतं. सगळीकडे लावा, दीड-दोन मिनिटं थांबा आणि फडक्याने पुसा. पुसताना वरून खाली, एकाच दिशेने, कारण पाऊस आणि घाम खालीच ओघळतात. खाचांमध्ये, स्क्रूभोवती, हीटसिंकच्या पंखांच्या मुळाशी जे राहतं तो तुमचा मळ. आजीच्या यंत्राची पाठ आठवा.

दुसरं, कोरडा ब्रश. चंदेरी रंगात चपट्या ब्रशचं टोक बुडवा आणि वर्तमानपत्रावर इतका पुसा की ब्रश कोरडाच वाटेल. मग तो कडांवरून हलकेच, धूळ झटकल्यासारखा फिरवा. पहिल्या चार फटक्यांत काहीच दिसणार नाही आणि तुम्ही आणखी रंग घ्याल. घेऊ नका. पाचव्या-सहाव्या फटक्याला कड उजळायला लागते. कागदावर खूण नाही तिथे ब्रश नेऊ नका.

यानंतर मॅट क्लिअरचे दोन पातळ थर, आणि एक दिवस विश्रांती.

तिसरी गोष्ट क्लिअरच्या नंतर करायची, कारण क्लिअर तिची चमक मारतो. सहा-बी किंवा आठ-बी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून चिमूटभर पूड करा. बोटाचं टोक त्यात बुडवा आणि नळीवर, चक्राच्या उंचवट्यांवर, घोड्यावर गोल गोल चोळा. मॅट करडा बघता बघता जडशीळ, थंड लोखंडासारखा होतो. या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच. वीस रुपयांची पेन्सिल, आणि मघाशी प्लास्टिक असलेली गोष्ट आता प्लास्टिक नाही. हाताला थोडं काळं लागत राहतं, पांढरे कपडे असतील तर तेवढं सांभाळा.

तापणाऱ्या टोकाजवळ थोडी काजळी हवी असेल तर कोरडा काळा रंग स्पंजने टिपा. गंज लावायचा मोह आवरा. रोज वापरात असलेलं हत्यार कुणी गंजू देत नाही, आणि शिवाय सगळेच लावतात.

अक्षरांसाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर आकडे कापून स्टेन्सिल करा आणि स्पंजने फिका पिवळा किंवा पांढरा टिपा. आकडे देवनागरी ठेवा ना. ‘४७’ किंवा ‘तपासले’ असा शिक्का दुर्बिणीखाली छान दिसतो, आणि अंतराळातली प्रत्येक सूचना इंग्रजीतच असावी असं कुठे ठरलेलं नाही. हे काम मात्र मळ लावण्याच्या आधी करा, म्हणजे अक्षरंही जुनी होतात.

दिवा

नसला तरी चालतं, पण एकदा लावला की पुढची बंदूक दिव्याशिवाय करवत नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सामान शंभरेक रुपयांचं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिची टोपी, एक छोटा बटण-स्विच, एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, निळा ३ च्या आसपास. उरलेले सहा-सात व्होल्ट रेझिस्टर सोसतो आणि करंट १३ ते १५ मिलिअँपिअर राहतो, दोन्हींना सोयीचा. रेझिस्टर वगळलात तर एलईडी एकदाच, पण फार सुंदर पेटतो.

एलईडीचा लांब पाय प्लसकडे. जोड सोल्डर करा, नुसते पीळ देऊ नका, आणि प्रत्येक जोडावर श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. एलईडी उघडा ठेवला तर सजावटीच्या माळेतला दिवा दिसतो. त्याच्यापुढे ग्लूगनच्या कांडीचा तुकडा बसवा. ती दुधी कांडी सगळीकडून सारखी उजळते. शेवटी बंदुकीची आतली बाजू काळी रंगवा, नाहीतर पातळ प्लास्टिकमधून सगळी मूठच लाल दिसते. स्विच घोड्यामागे बसवता आला तर घोडा ओढला की दिवा लागेल, पण त्याला मिलिमीटरचा हिशेब लागतो. पहिल्या वेळी मुठीच्या तळाशी लावा आणि करंगळीने दाबा.

बंद करण्यापूर्वी घोडा आणि चक्र हलवून बघा. रंगाचा थर चढल्याने हलणारे भाग अडतात. जिथे प्लास्टिक प्लास्टिकवर घासतं तिथला रंग कटरच्या पात्याने खरवडा, तेल नको, रंग खातं.

बाहेर नेताना

आता ते केशरी टोक. इतके कष्ट करून शेवटी टोक खेळण्याचंच ठेवायचं याचं वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तुम्हाला ती प्रॉपर्टी आहे हे माहीत आहे, रस्त्यापलीकडच्या माणसाला नाही, आणि गस्तीवरच्या पोलिसालाही वीस पावलांवरून ते कळणार नाही. अमेरिकेत तर १९८९ पासून विक्रीच्या खेळण्यातल्या बंदुकांना अशी केशरी खूण केंद्रीय नियमानेच सक्तीची आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका बनवण्यावर आणि तशा करून घेण्यावरही बंधनं आणली, तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी आधी स्थानिक नियम वाचावेत. आपल्याकडे सक्ती असो नसो, टोक ठेवा. फोटोपुरतं हवं असेल तर काढ-घाल करता येणारी काळी टोपी करा, स्केचपेनच्या टोपणातून सहज होते.

खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल करूच नका. आपल्या बंदुकीला हीटसिंक, नळ्या आणि दिवा असतो ते एका अर्थी बरंच आहे, ती परग्रहावरची आहे हे लांबूनही थोडं कळतं.

घरातून निघताना ती टॉवेलमध्ये गुंडाळून बंद पिशवीत. लोकलमध्ये, रिक्षात, हॉटेलात बाहेर काढायची नाही, मित्राने कितीही आग्रह केला तरी. विमानाच्या केबिन सामानात खेळण्यातली बंदूकही चालत नाही. मोठ्या कॉमिक मेळाव्यांमध्ये दाराशी प्रॉपर्टीची तपासणी होते आणि कुठल्या वस्तू चालतात याचे नियम आधी जाहीर केलेले असतात, ते तिकीट काढण्यापूर्वी वाचा. आणि आत गेल्यावरही फोटोसाठी ती कुणाच्या तोंडावर रोखू नका. बोट घोड्याच्या बाहेर, नळी जमिनीकडे. बघणाऱ्यांना तसं धरलेलं जास्त सराईत वाटतं, हा वरचा फायदा.

सोबत एक छोटी डबी ठेवा: फेविक्विक, स्टार स्क्रूड्रायव्हर, काळा मार्कर, ती आठ-बी पेन्सिल आणि जादा बॅटरी. दुपारपर्यंत काहीतरी निखळतंच. ओरखडा पडला तर मात्र डबी उघडू नका, तो राहू द्या. आणि काढून ठेवलेला दट्ट्या, मोठी स्प्रिंग आणि उरलेले स्क्रू टाकू नका. दट्ट्याच्या नळीची पुढच्या बंदुकीला फार छान दुर्बीण होते.